नाशिकच्या वाईन सहलीत या चुका टाळा

नाशिकहून परतलेल्या मंडळींच्या तोंडी एक वाक्य हमखास असतं, "जागा मस्त आहे हो, पण वाईन काही खास लागली नाही." जरा खोदून विचारलं की कळतं, सकाळी तर्रीदार मिसळ झाली होती, दुपारपर्यंत दोन वाईनरी उरकल्या होत्या आणि तिसऱ्या ठिकाणी कोमट रेड वाईन घाईघाईत पोटात गेली होती. अशा वेळी बाटलीवर अन्याय झाला, असं मी म्हणेन. नाशिक, दिंडोरी, इगतपुरी, निफाड आणि तिकडे सोलापूर जिल्ह्यातलं अकलूज, एवढ्या पट्ट्यात आज खरोखर चांगली वाईन होते. ती कळायची असेल तर हंगाम, क्रम, तापमान आणि ताट सांभाळावं लागतं, आणि नेमकं तिथेच बहुतेकांचं चुकतं.

हंगाम न बघता निघणं

युरोपात द्राक्षं सप्टेंबर-ऑक्टोबरात तोडतात, ते वाचून त्याच सुमारास इकडे येणारे बरेच असतात. आपल्या बागांचं चक्र वेगळं आहे. एप्रिलच्या आसपास नव्या फांद्यांसाठी खरड छाटणी, पाऊस ओसरताना सप्टेंबर-ऑक्टोबरात घड येण्यासाठी गोडी छाटणी आणि वाईनच्या द्राक्षांची तोडणी साधारण जानेवारी ते मार्च. पावसाळ्यात गंगापूर धरणाचा परिसर डोळ्यांचं पारणं फेडतो, पण वेलींवर घड नसतात आणि आत टाक्यांपाशीही फारशी गडबड नसते. निवांत दोन दिवस हवे असतील तर तेव्हा जरूर जा. वाईन होताना बघायची असेल तर जानेवारी अखेर ते फेब्रुवारी हा काळ धरा, आणि जमल्यास शनिवार-रविवार सोडून.

तोडणीच्या दिवसांत बाग दाखवणाऱ्याला विचारून शिराझ या रेड वाईनच्या द्राक्षाचा एक मणी तोंडात टाका. आपल्याला सवय थॉमसनची, म्हणजे पातळ साल, भरपूर गर, बी नाही. हा मणी लहान, साल जाड, आत बिया, आणि गोडी मात्र खाण्याच्या द्राक्षापेक्षा जास्त. मणी बोटांत दाबला तर रस जवळजवळ बिनरंगी निघतो, कारण रेड वाईनचा सगळा रंग सालीतून येतो. मग ती साल सावकाश चावत राहा. हिरड्या आवळल्यासारख्या वाटतात, जीभ कोरडी पडते. हेच टॅनिन. हा एक मणी नीट चावलात तर पुढच्या तासाभरात पेल्यात काय चाललंय ते आपोआप कळू लागेल. पण न विचारता घड तोडू नका. भुरी-डावणी या वेलींवरच्या रोगांसाठी फवारण्या झालेल्या असतात, आणि शेवटी ते कुणाचं तरी पीक आहे.

तोडणी बहुधा पहाटे होते, घड थंड राहावेत आणि सुगंध टिकावा म्हणून. अकराच्या टूरला पोहोचून "तोडणी कुठे आहे?" असं विचारण्यात अर्थ नाही, आदल्या दिवशी फोन करून वेळ विचारा. आणखी एक, ऐन हंगामात 26 आणि 30 जानेवारी हे ड्राय डे येतात. प्रजासत्ताक दिनाच्या जोडसुट्टीत हॉटेल बुक करून, टेस्टिंग बंद पाहून परतणारे दरवर्षी दिसतात.

एका दिवसात अख्खा नकाशा

सुला, यॉर्क आणि सोमा या वाईनरी शहराच्या पश्चिमेला गंगापूर धरणाकडे, एकमेकांपासून जवळ. शांडोन उत्तरेला दिंडोरीत. ग्रोव्हर झांपाची सांजेगावची वाईनरी आणि कावनईचं वॅलोने इगतपुरीच्या बाजूला. रेव्हेलो निफाडकडे, म्हणजे पूर्वेला. हे सगळं एका शनिवारी बसवायला गेलात तर दिवस गाडीत जाईल. मुंबईहून येत असाल तर इगतपुरी वाटेवरच लागते, तिथलं एक ठिकाण जाताना किंवा येताना घ्या आणि गंगापूरची बाजू दुसऱ्या दिवशी. पुण्याहून येणाऱ्यांनी इगतपुरी वेगळ्या सहलीसाठी ठेवलेली बरी. अकलूजचं फ्राटेली तर स्वतंत्रच करावं. मोहिते-पाटलांच्या मातीत सांजोवेझे हे इटालियन द्राक्ष कसं रुजलं ते बघायला एक पूर्ण दिवस द्यावा असंच ते आहे. दिवसाला दोन वाईनरी पुरे. छोट्या ठिकाणी बुकिंगशिवाय जाऊ नका, आणि कमी वयाचे दिसत असाल तर ओळखपत्र जवळ ठेवा.

"एवढ्याशा घोटांनी काय होतंय" असं समजून गाडी चालवणं

30 मिलिलिटरचे पाच नमुने म्हणजे 150 मिलिलिटर, अख्खा एक ग्लास. दोन वाईनरी आणि जेवणाबरोबर एक ग्लास धरला तर अर्ध्या बाटलीहून जास्त होते. कायद्याची मर्यादा 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम अल्कोहोल. पहिल्याच गुन्ह्याला 10,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. त्यात परतीच्या वाटेवर कसारा घाट. नाशिकमध्ये दिवसभरासाठी गाडी आणि ड्रायव्हर सहज मिळतो, चौघांत विभागला तर खर्च फार येत नाही. यात तडजोड नको.

टेस्टिंगला बसताना

आपल्याकडे अनेकांची पहिली वाईन म्हणजे गोव्यातली गोडसर पोर्ट. ती चव डोक्यात ठेवून कोरडी रेड तोंडाला लावली की "आंबट आहे, कडू आहे" हे ठरलेलं. कोरडी म्हणजे साखर जवळपास पूर्ण आंबून गेलेली. नवख्या माणसाने थेट कॅबर्नेसारख्या जड रेडवर उडी मारू नये. हलकी गोडी असलेली व्हाइट शनँ ब्लाँ, मग कोरडी व्हाइट सोव्हियाँ ब्लाँ, मग गुलाबी रोझे आणि त्यानंतर रेड असं सरकत जावं. एरवीचा क्रम बुडबुड्यांची स्पार्कलिंग, व्हाइट, रोझे, रेड आणि शेवटी लेट हार्वेस्टसारखी, म्हणजे उशिरा तोडलेल्या द्राक्षांची, गोड वाईन. अशी पूर्ण गोड वाईन आधी घेतली तर पुढची प्रत्येक वाईन आंबट लागणार, त्यात वाईनचा दोष नाही.

परफ्यूम, अत्तर मारून जाऊ नका, तुमचंच नाही तर शेजाऱ्याचंही टेस्टिंग बिघडतं. मिसळ, पान, बडीशेप, मिंट यांपासून आधी तासभर लांब राहा. ग्लास दांड्याला धरा, हाताच्या उबेने वाईन लवकर तापते. आधी न हलवता वास घ्या, मग ग्लास फिरवून पुन्हा घ्या. दुसऱ्या वासात काय नवीन आलं ते शोधणं हीच खरी गंमत. सोव्हियाँ ब्लाँमध्ये पेरू, हिरवी मिरची, ताजं गवत. शिराझमध्ये काळी मिरी, जांभूळ. पुस्तकातल्या ब्लॅककरंटच्या मागे लागू नका, जांभूळ म्हणा, करवंद म्हणा, आपल्या नाकाला ओळखीचं तेच बरोबर. टेबलावरचं भांडं थुंकण्यासाठी असतं. त्यात लाज कसली? जाणकार हमखास थुंकतात, म्हणून तर त्यांना दहावी वाईनही नीट कळते.

तापमानाची चूक सर्वांत मोठी आणि सर्वांत सहज सुटणारी. "रेड वाईन रूम टेंपरेचरला प्यावी" हा सल्ला थंड प्रदेशातल्या घरांचा आहे. आपल्याकडे खोली 30 अंशांवर असते. तिथे शिराझमधलं अल्कोहोल नाकात चढतं आणि फळाचा स्वाद दबतो. रेड 16 ते 18 अंशांना हवी, म्हणजे उघडण्याआधी अर्धा-पाऊण तास फ्रिजमध्ये. उलट व्हाइट फ्रिजमधून काढून लगेच ओतली तर 4-5 अंशांना ती मुकी होते. दहा-पंधरा मिनिटं बाहेर राहू द्या. वाईनरीतही रेड कोमट आली तर बिनधास्त सांगा, बर्फाच्या बादलीत दहा मिनिटं ठेवून देतील.

चीज-क्रॅकर्सवर अडकून राहणं

ही चूक मला सगळ्यांत जास्त खटकते. द्राक्षं नाशिकची, पिणारे आपण, आणि ताटात फक्त परदेशी चीज! आपलं जेवण वाईनला जड जातं असा एक समज आहे. तो अर्धाच खरा आहे. भांडण मसाल्याशी नसतं, तिखटाशी असतं. अल्कोहोल तिखटाची आग वाढवतं आणि त्या आगीत टॅनिन आणखी रखरखीत लागतं.

घरी एकदा करून बघा. एकाच शिराझचे दोन ग्लास भरा. एकासोबत ठेचा-भाकरी घ्या, दुसऱ्यासोबत काळ्या मसाल्याचं, पण बेताच्या तिखटाचं सुकं मटण. ठेच्याबरोबर ती शिराझ कडू काढा वाटेल. मटणाबरोबर तीच मऊ होते, कारण मांसातली प्रथिनं आणि चरबी टॅनिनला आवर घालतात, आणि मसाल्यातली मिरी, दगडफूल वाईनमधल्या मिरीला जाऊन मिळतात.

तिखट खायचंच असेल, म्हणजे मिसळ किंवा कोल्हापुरी रस्सा, तर थंडगार आणि किंचित गोड शनँ ब्लाँ किंवा रिझलिंग ही व्हाइट. तळणीला स्पार्कलिंगसारखं दुसरं काही नाही. बटाटेवडा आणि ब्रूट, म्हणजे कोरडी स्पार्कलिंग, ही जोडी एकदा अनुभवाच, बुडबुडे आणि आंबटपणा तेलकटपणा धुऊन काढतात. कोथिंबीर वडी, अळूवडी यांना सोव्हियाँ ब्लाँ. भरल्या वांग्यात शेंगदाणा, गूळ, गोडा मसाला असतो, त्याला कोरडी रोझे किंवा सांजोवेझे. सुरमई, पापलेट यांच्याबरोबर रेड घेऊ नका. रेडमधलं लोह माशाशी मिळून तोंडात धातूची, उग्र चव आणतं. लिंबू पिळलेल्या तळलेल्या माशाला व्हाइटच. सोलकढी मात्र जेवणाच्या शेवटी ठेवा, तिच्या आंबटपणापुढे वाईन फिकी पडते.

गोडाचा नियम एकच, वाईन पदार्थापेक्षा गोड हवी. पुरणपोळीपुढे कोरडी वाईन टिकत नाही, लेट हार्वेस्ट शनँ ब्लाँ कशीबशी टिकते. तीच लेट हार्वेस्ट बेताच्या साखरेच्या आम्रखंडाबरोबर सुरेख जमते.

खरेदी आणि परतीचा प्रवास

स्क्रू कॅप म्हणजे स्वस्त माल हा गैरसमज सोडा. ताजी प्यायची व्हाइट त्या झाकणाखाली छान राहते आणि बुचामुळे येणारा बुरशीचा वास टळतो. "जुनी तेवढी चांगली" हेही सरसकट खरं नाही. आपल्याकडच्या बहुतेक व्हाइट आणि रोझे वर्ष-दोन वर्षांत प्यायच्या असतात. लेबलवरचं वर्ष वाचा. लग्नात भेट आलेली सोव्हियाँ ब्लाँ शोकेसमध्ये पाच वर्षं ठेवली तर तिच्यातलं पेरूचं ताजेपण कधीच गेलेलं असतं. रिझर्व्ह रेड मात्र काही वर्षं ठेवता येतात, अंधाऱ्या, थंड जागी, बूच असेल तर आडव्या. फ्रिजच्या वर किंवा गॅसच्या ओट्यावर नकोत.

उन्हात उभ्या गाडीची डिकी म्हणजे भट्टी. खरेदी शेवटच्या थांब्याला करा आणि बाटल्या एसीत, सीटच्या खाली ठेवा. दिंडोरी-वणी मार्गे सापुताऱ्याला पुढे जाणार असाल तर गाडीत एकही बाटली नको. गुजरातेत दारूबंदी आहे आणि परवान्याशिवाय बाटली बाळगणं हा गुन्हा.

बाटली खरंच बिघडली आहे का?

तळाशी काचेच्या बारीक चुऱ्यासारखे खडे दिसले तर घाबरू नका, ते टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे स्फटिक, निरुपद्रवी. उघडल्यावर जळलेल्या काडेपेटीचा वास आला तर ग्लास पाच-दहा मिनिटं फिरवा, बहुतेकदा जातो. ओल्या गोणपाटाचा, कुबट पुठ्ठ्याचा वास आला तर तो बुचाचा दोष, आणि तो हवेने जात नाही. बाटली परत करा, चांगला विक्रेता बदलून देतो. व्हाइट तपकिरी पडली असेल आणि कापून ठेवलेल्या सफरचंदासारखी लागत असेल तर तिला हवा लागली आहे. बूच वर सरकलंय, कडेने चिकट ओघळ आलाय आणि चव शिजलेल्या जॅमसारखी, तर ती कुठेतरी उन्हात तापली. व्हिनेगर किंवा नेलपॉलिशचा झणका आला तर पिऊ नका.

उघडलेली बाटली झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवली तर रेडसुद्धा तीन-चार दिवस चांगली राहते, स्पार्कलिंग मात्र घट्ट स्टॉपर लावूनही दुसऱ्या दिवशीच संपवा. आठवडा उलटला असेल तर उरलेली रेड मटणाच्या मॅरिनेशनमध्ये घाला.