इस्तंबूलच्या मांजरांचा फोटो नीट कसा घ्यायचा

इस्तंबूलला गल्लोगल्ली मांजरं, पण मोबाईल काढला की उठून सरळ पायाशीच येतात आणि फोटोत नुसती शेपटी, आमचा पहिला अख्खा दिवस असाच गेला.

१. खाली बसा आणि मोबाईल उलटा धरा, लेन्स जमिनीलगत येते.
२. जिहांगीर नाहीतर बालात या शहरातल्या वस्त्यांमध्ये सकाळी लवकर जा, दुकानं उघडायच्या आधी, तेव्हा ती स्कूटरच्या सीटवर, पायऱ्यांवर निवांत पसरलेली असतात.
३. बर्स्ट मोड (एका दमात धडाधड बरेच फोटो) लावा, दहातला एक तरी जमतोच.

(शहरातल्याच कादिकॉय भागात तोंबिली नावाच्या प्रसिद्ध भटक्या मांजरीचा पुतळा आहे, पायरीवर कोपर टेकून बसलेली, ती मात्र हलत नाही!)

उचलून बिचलून घेऊ नका. ओरखडा आलाच तर साबणाने १५ मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुवा आणि रेबीजच्या इंजेक्शनसाठी त्याच दिवशी डॉक्टर गाठा.