कृती समिती बांधायची कशी? संघटनांनी मिळून सरकारी धोरण बदलून घ्यायचं असेल तर

एकाच जिल्ह्यात एकाच प्रश्नावर चार संस्था, दोन युनियन आणि एखादं महिला मंडळ वेगवेगळी निवेदनं देत असतात, प्रत्येकाचा मजकूर वेगळा, मागण्या वेगळ्या, कुणाच्या सात तर कुणाच्या एकवीस. ऑफिसात पोच मिळते, शिक्का बसतो आणि सहा महिन्यांनी उत्तर येतं की याबाबत संघटनांमध्येच एकमत दिसत नाही. हे उत्तर खात्याला देताच येऊ नये म्हणून संयुक्त कृती समिती करायची. ती कशी करायची ते जमेल तसं सविस्तर लिहितोय, उदाहरणं मुख्यतः माहिती अधिकाराच्या चळवळीतली आणि आपल्याकडच्या जादूटोणाविरोधी कायद्याची घेतलीत कारण त्यात शिकण्यासारखं खूप आहे.

पहिली मीटिंग बोलवायच्या आधी एक गोष्ट शोधून काढा, तुम्हाला जे बदलून हवंय ते नेमकं कुणाच्या हातात आहे. कायदा बदलायचाय का? मग विधिमंडळ. नियम बदलायचेत का? मग संबंधित खातं आणि राजपत्र. नुसता शासन निर्णय, म्हणजे जीआर, हवाय का? तो खात्याच्या सचिवांच्या पातळीवर निघू शकतो, त्यासाठी अधिवेशनाची वाट बघायला लागत नाही. आणि कित्येकदा जीआर आधीच निघालेला असतो, फक्त त्याला पैसेच ठेवलेले नसतात, म्हणजे भांडण बजेटचं असतं. शासनाच्या वेबसाइटवर जीआर फुकट मिळतात, दहा-पंधरा वर्षं मागे जाऊन सगळे काढा, वाचा. हे काम दोन जणांनी शांतपणे बसून केलं की पुढची निम्मी भांडणं होतच नाहीत.

आता मागणी. माझं ठाम मत आहे की समिती टिकते ती मागणीच्या नेमकेपणावर, माणसं कितीही चांगली असू देत. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटन 1990 साली सुरू झालं तेव्हा मुद्दा होता दुष्काळी कामावरच्या पूर्ण मजुरीचा, आणि त्यातून मागणी पुढे आली ती एकदम साधी: हजेरीपट, बिलं आणि व्हाउचरच्या प्रती आम्हाला द्या. घोषणा पण तशीच, ‘हमारा पैसा, हमारा हिसाब’. 1996 मध्ये ब्यावरच्या चांग गेटला चाळीस दिवस धरणं झालं तेव्हा बाजारातले लोकसुद्धा मदतीला आले, कारण हिशोब मागणं म्हणजे काय हे भाजीवाल्यालाही समजावून सांगावं लागत नाही. त्याच वर्षी राष्ट्रीय पातळीवर लोकांच्या माहिती अधिकारासाठीचं अभियान उभं राहिलं, त्यात पत्रकार, वकील, निवृत्त अधिकारी, चळवळीतले कार्यकर्ते सगळे होते, आणि न्यायमूर्ती पी. बी. सावंत अध्यक्ष असलेल्या प्रेस कौन्सिलने कायद्याचा मसुदा करायला हातभार लावला. या सगळ्यांची बाकी राजकीय मतं एक होती असं अजिबात नाही. कागद बघायला मिळाला पाहिजे एवढ्यावर एकमत होतं आणि ते पुरलं.

म्हणून पहिल्या दोन मीटिंगमध्ये ठराव, घोषणा, बॅनर काही नको, एक पानी करारनामा करा. त्यात तीन गोष्टी लिहायच्या. एक, कुठल्या मुद्द्यावर आपण अजिबात मागे हटणार नाही. दोन, काय सोडता येईल, आणि कशाच्या बदल्यात. तीन, कुठल्या विषयावर आपलं एकमत नाही आणि त्यामुळे समितीच्या नावाने त्यावर कुणीच बोलणार नाही. हा तिसरा भाग लोक टाळतात, वाईट दिसतं म्हणून, पण तोच सगळ्यात जास्त उपयोगी पडतो. कारण समिती फुटते ती सरकारने नकार दिल्यावर सहसा नाही, सरकारने अर्धं देऊ केल्यावर फुटते. मंत्र्यांच्या दालनात सांगितलं जातं की शहरी भागासाठी लगेच करतो, ग्रामीणचं पुढच्या वर्षी बघू, आणि शहरातल्या संघटना खूश होऊन बाहेर येतात, खेड्यातल्यांचे चेहरे पडलेले असतात, आणि त्या संध्याकाळीच दोन वेगळ्या प्रेसनोट जातात. हे आधीच बोलून ठेवलं असेल तर शिष्टमंडळ तिथेच सांगू शकतं की साहेब, सगळ्यांशी बोलून दोन दिवसांत कळवतो. दालनात बसून हो म्हणायचं नाही, हा नियम करारनाम्यातच टाका.

समितीत कोण हवं? ज्यांच्यावर परिणाम होतो त्यांची संघटना सगळ्यात आधी, आणि ती नावापुरती नको. ऊसतोड कामगार बायकांचा प्रश्न असेल तर त्या बायका मीटिंगला येऊ शकतील अशी तारीख ठरवावी लागते, कारखाने सुरू असताना त्या फडात असतात, घरी नसतात. मंत्र्यांसमोर पहिलं बोलणं त्यांचं, संस्थेच्या संचालकांचं नंतर. मग आकडेवारी गोळा करणारे कोणीतरी, कायद्याचा मसुदा वाचता येणारा एखादा वकील, आणि मंत्रालयात फाईल कुठल्या टेबलावर अडते ते माहीत असलेला एक माणूस, निवृत्त अधिकारी असेल तर उत्तमच. शिवाय अनपेक्षित मित्र शोधा. डॉक्टरांची संघटना, ग्रामपंचायतींचे ठराव, कॉलेजचं एनएसएस. पक्षांना सदस्य करू नका, पण आमदार सगळ्या पक्षांचे भेटा, सत्तेतलेही आणि विरोधातलेही.

पुरावा गोळा करायची एक पद्धत मला फार आवडते आणि ती एकट्या संस्थेला जमतच नाही. प्रत्येक संघटनेने आपापल्या तालुक्यात एकच सारखा प्रश्न माहिती अधिकारात टाकायचा, शब्द न शब्द तोच. दहा रुपये फी, उत्तराची मुदत 30 दिवस. महाराष्ट्रात अर्ज एका विषयाचा आणि 150 शब्दांच्या आत लागतो म्हणून प्रश्न आधीच नीट घासूनपुसून घ्या. उत्तर आलं नाही तर पहिलं अपील, तेही सगळ्यांनी मिळून. उत्तरं आली की एका एक्सेल शीटमध्ये तालुकावार मांडा. बारा तालुक्यांचा तक्ता, सगळी माहिती त्यांच्याच खात्याची, सहीशिक्क्यानिशी, हे अधिकाऱ्यासमोर ठेवलं की बोलणं एकदम वेगळ्या पातळीवर जातं.

आतली व्यवस्था साधी ठेवा. एक निमंत्रक, तो दर काही महिन्यांनी बदलायचा. प्रेसला बोलणारे दोघेच, त्यातली एक बाई. कुणी एकट्याने मंत्री किंवा सचिव गाठले तर त्याच संध्याकाळी ग्रुपवर लिहायचं काय बोलणं झालं. व्हॉट्सॲपवर निर्णय घ्यायचे नाहीत, तिथे फक्त कळवायचं. पत्रकावर संघटनांची नावं अकारविल्हे टाका, नाहीतर कुणाचा लोगो वर यावरून आठवडा जातो. पैशाचं मात्र पहिल्याच दिवशी स्पष्ट बोला, आणि हे लक्षात असू द्या की 2020 च्या दुरुस्तीनंतर एफसीआरएचा, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली आलेला, पैसा एका संस्थेला दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही, त्यामुळे मोठी संस्था सगळ्यांना वाटून देईल या भरवशावर राहू नका. गावातून वर्गणी काढा, थोडी का होईना, तिने लोक जोडलेही जातात.

विरोधकांचं काय करायचं? जादूटोणाविरोधी कायद्याचं विधेयक कितीतरी वर्षं रखडलं, वारकऱ्यांमधल्या काहींना खरोखर भीती वाटत होती की वारी-कीर्तनावर गदा येईल. मसुदा पुन्हा पुन्हा बदलला. या कायद्यासाठी झटणारे अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीतले डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात खून झाला, त्यानंतर काही दिवसांतच अध्यादेश निघाला आणि डिसेंबरात नागपूर अधिवेशनात कायदा झाला. इतकी मोठी किंमत मोजून झालेला हा कायदा प्रत्येक कार्यकर्त्याने मुळातून वाचावा असं मला मनापासून वाटतं. त्यात प्रदक्षिणा, यात्रा, हरिकीर्तन, प्रवचन, भजन यांना हा कायदा लागू नाही असं स्पष्ट लिहिलंय. विरोधकाची भीती खरी असेल तर तिचं उत्तर भाषणात देऊन भागत नाही, कलमात द्यावं लागतं. म्हणून आपला मसुदा बाहेर काढायच्या आधी विरोध करणाऱ्या दोघा-तिघांना भेटा, त्यांचं म्हणणं लिहून घ्या, आणि जे मूळ मागणीला धक्का न लावता मान्य करता येईल ते करून टाका.

वेळापत्रक भिंतीवर लावा. अर्थसंकल्पी आणि पावसाळी अधिवेशन मुंबईत, हिवाळी नागपुरात. तारांकित प्रश्न, म्हणजे ज्यांचं मंत्र्याला सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागतं ते, आमदारांना बरेच आधी द्यावे लागतात, अधिवेशन सुरू झाल्यावर गेलात तर लक्षवेधी सूचना नाहीतर औचित्याचा मुद्दा, म्हणजे तातडीचा विषय सभागृहात मांडायचे मार्ग, एवढंच हातात राहतं. आमदाराला पन्नास पानांची फाईल देऊ नका, एक पान, प्रश्न तयार लिहिलेला, मतदारसंघातले दोन आकडे. बजेटची मागणी मार्चमध्ये करून काही उपयोग नसतो, खात्यांचे प्रस्ताव दिवाळीच्या आसपास तयार होत असतात, तेव्हा उपसचिव आणि कक्ष अधिकाऱ्यांना भेटा. निवेदनाचा आवक क्रमांक घ्या, पुढच्या प्रत्येक पत्रात तोच लिहा. मोर्चा काढायचा तर पाठपुराव्याच्या मधोमध काढा, म्हणजे दुसऱ्या दिवशी कुणाला भेटायचं ते ठरलेलं असतं.

आणि जीआर निघाला, कायदा झाला की समिती मोडू नका. माहिती स्वातंत्र्याचा 2002 चा केंद्राचा कायदा संसदेत मंजूर होऊनही कधी अंमलात आलाच नाही, अभियान टिकून राहिलं म्हणून 2005 चा जास्त चांगला कायदा झाला आणि 12 ऑक्टोबरपासून लागू झाला. लगेच पुढच्या वर्षी फाईलवरचे अधिकाऱ्यांचे शेरे माहिती अधिकारातून वगळायची दुरुस्ती आणायचा प्रयत्न झाला, तोही देशभरातल्या विरोधामुळे बारगळला. 2019 ची दुरुस्ती मात्र मंजूर झाली, माहिती आयुक्तांचा कार्यकाळ आणि पगार ठरवायचा अधिकार केंद्राकडे गेला. तेव्हा मंजुरीच्या दुसऱ्याच आठवड्यात मीटिंग लावा, अजेंडा असा: नियम कोण लिहितंय, हरकती-सूचनांची मुदत किती, पहिला निधी बजेटच्या कुठल्या हेडखाली (लेखाशीर्षाखाली) येणार, आणि कुठल्या तालुक्यात कुठली संघटना पहिले अर्ज भरून घेणार.