पॅरिसमधल्या फ्रेंच बागा: कुठून शिरायचं, कुठे थांबायचं

फ्रेंच शैलीची बाग, म्हणजे सरळ वाटा आणि रेखीव वाफ्यांची बाग, महालाच्या बाजूने बघण्यासाठी आखलेली असते. कडेच्या फाटकातून आत शिरलं की झाडांच्या रांगा आणि धूळ एवढंच दिसतं. त्वीलरी बागेत बरेच जण असेच येतात: त्याच नावाच्या मेट्रो स्टेशनावर उतरायचं आणि रिव्होली रस्त्यावरून थेट बागेच्या कुशीत. त्यापेक्षा 1 क्रमांकाच्या मेट्रोने एक स्टेशन पूर्वेला, पाले रोयालला उतरा आणि लुव्रच्या अंगणातून, काचेच्या पिरॅमिडला पाठ करून, कारूझेलच्या कमानीपर्यंत चाला.

ज्या महालासाठी ही बाग आखली तो 1871 मध्ये जळाला आणि 1883 मध्ये पाडला गेला. त्यामुळे बघण्याची मूळ जागा आता आपणच शोधावी लागते. कमान ओलांडल्यावर जरा उंचावर, पायऱ्या उतरण्याआधी थांबा. कोंकोर्द चौकातला ओबेलिस्क (उंच दगडी स्तंभ) आणि मागची आर्क द त्रियोंफ ही विजयकमान एका रेषेत येत नसतील, तर दोन पावलं डावी-उजवीकडे सरका. रेष जुळली की वाफे, वाटा आणि हौद आपोआप जागच्या जागी बसतात.

जवळचा हौद गोल, टोकाचा अष्टकोनी. टोकाचा हौद मुद्दाम मोठा ठेवलाय, म्हणजे अंतरामुळे तो लहान वाटत नाही. आंद्रे ल नोत्र याने 1664 पासून बाग नव्याने आखली, त्यातली ही युक्ती. अष्टकोनी हौदापाशी पोचून मागे वळून पाहा, मगच ती पटते. तिथून घोड्याच्या नालेच्या आकाराच्या चढावाने वर जा आणि परतताना सेन नदीकडच्या उंच गच्चीवरून या. वरून आखणी सगळ्यात स्पष्ट दिसते, तरी तिकडे फार कोणी फिरकत नाही.

सकाळी ऊन पाठीशी असतं, संध्याकाळी पश्चिमेकडे चालताना थेट डोळ्यांत. उन्हाळ्यात भर दुपारी पांढुरकी जमीन डोळे दिपवते. तेव्हा मधल्या झाडीत शिरा. काळे बूट घालू नका, बारीक धुळीने पांढरे होतात. जुलै-ऑगस्टमध्ये रिव्होलीच्या बाजूला जत्रेचे पाळणे असतात. शांतता हवी असेल तर ते महिने टाळा. मे महिन्यात वसंतातली फुलझाडं काढून उन्हाळी लावतात, त्यामुळे काही वाफे मोकळे दिसू शकतात.

लुक्सांबूर बागेत पश्चिमेच्या वळणदार वाटा इंग्रजी धाटणीच्या आहेत, त्यांत वेळ घालवू नका. आरईआर बी या उपनगरी गाडीने या, हौदावरच्या कठड्यापाशी उभे राहा, महाल पाठीशी ठेवून दक्षिणेकडे बघा आणि फाटकातून बाहेर ऑब्झर्व्हातोआर रस्त्याच्या पट्ट्यात चालत राहा. तिथल्या चौकोनी छाटलेल्या चेस्टनटच्या रांगा चुकवण्यासारख्या नाहीत. बाग कधी उघडते, कधी बंद होते हे ऋतूप्रमाणे बदलतं; हिवाळ्यात ती पाचच्या आतही बंद होते आणि रखवालदार शिट्ट्या वाजवत सगळ्यांना बाहेर काढतात. बहुतेक हिरवळीवर बसायला मनाई आहे. हिरव्या लोखंडी खुर्च्या मात्र फुकट, हव्या तिथे ओढून घ्या.

पाले रोयालच्या बागेला अर्धा तास पुरे.

व्हर्सायला जाणार असाल तर आधी वेळापत्रक बघा. मोठी कारंजी हंगामातल्या ठरावीक दिवशीच सुरू असतात आणि त्या दिवशी एरवी फुकट असलेल्या बागेलाही तिकीट लागतं. सोमवारी महाल बंद असतो, बाग नव्हे.