पहिले स्वस्त व्हायोलिन आणि बो (वाजवायचा गज) घेताना या चुका टाळा

कमी किमतीचे व्हायोलिन घेताना बहुतेक जण पॉलिशची चकाकी पाहतात आणि सेटअपकडे, म्हणजे तारा, घोडी वगैरेंच्या जुळणीकडे, दुर्लक्ष करतात. पुढची पाटी स्प्रूसची आणि मागची मेपलची असली, तरी घोडी, म्हणजे तारा ज्यावर टेकतात तो लाकडी तुकडा, नीट तासलेली नसेल तर तारा दाबताना बोटे दुखतात आणि नवशिका दोष मात्र स्वतःच्या हाताला देतो. फिंगरबोर्ड, म्हणजे बोटांनी तारा ज्यावर दाबतात ती काळी पट्टी, जिथे संपतो तिथे बारीक ई तारेची उंची साधारण 3.5 मिलिमीटर आणि जाड जी तारेची 5.5 मिलिमीटरच्या आसपास असावी. घोडीचा माथा सपाट असेल तर एक तार वाजवताना शेजारचीही वाजते. हा दोष सरावाने जात नाही, घोडीच तासून घ्यावी किंवा बदलावी लागते. फिंगरबोर्डवरून बोट घासून पाहावे, कारण आबनुसाऐवजी हलक्या लाकडाला काळा रंग दिलेला असल्यास तो बोटाला लागतो.

मुलांसाठी वाढत्या अंगाचे कपडे घ्यावेत तसे मोठ्या मापाचे व्हायोलिन घेऊ नये. वाद्य खांद्यावर धरून डावा हात लांबवल्यावर तळव्यात वाद्याच्या मानेच्या टोकाची गुंडाळी सहज मावली आणि कोपर किंचित वाकलेले राहिले, तर माप योग्य समजावे.

व्हायोलिनसोबत फुकट मिळालेल्या बोवर विसंबणे ही दुसरी मोठी चूक, आणि माझ्या मते पैसे थोडेच असतील तर ते सजावटीऐवजी इथे खर्च करावेत. बोची काडी डोळ्यासमोर धरून टोकापर्यंत पाहिली की ती डावी-उजवीकडे वळलेली आहे का, ते लगेच कळते. स्वस्त लाकडी काडी लवकर वाकते, म्हणून या किमतीत फायबरग्लास किंवा कार्बन फायबरचा बो अधिक भरवशाचा ठरतो. बोचे केस ताणल्यावरही काडी आतल्या बाजूला झुकलेलीच दिसली पाहिजे, आणि वाजवून झाल्यावर ते सैल करायला विसरू नये.

नव्या बोमधून आवाजच निघत नाही म्हणून वाद्य परत करणारेही असतात. केसांना राळ लावलेली नसते, एवढेच त्याचे कारण. तार ताणायची खुंटी घसरत असेल तर ती फिरवताना आत दाबावी. तारा बदलताना मात्र सगळ्या एकदम काढू नयेत, कारण आत उभा असलेला छोटा लाकडी दांडा, म्हणजे साउंडपोस्ट, चिकटवलेला नसतो आणि ताण गेल्यावर तो पडू शकतो. तसे झालेच, तर कारागिराकडून तो पुन्हा उभा करून घेईपर्यंत तारा ताणू नयेत.