ईस्टरची वेदी: वसईच्या उन्हाळ्यात टिकणारी फुलं

ईस्टरआधीच्या प्रायश्चित्तकाळात (लेंट), चौथा रविवार आणि सणवार सोडले तर, वेदीवर फुलं नसतात. गुड फ्रायडेला तर वेदीवरचं वस्त्रही काढलेलं असतं. म्हणून शनिवारी रात्रीच्या ईस्टर जागरणविधीची मांडणी शनिवारी सकाळीच सुरू होते, पण फुलांची तयारी बुधवारपासून करावी लागते.

लिली बुधवारी घ्या. कळीवर रंग चढलेला हवा, पण ती मिटलेली हवी. ग्लॅडिओलस गुरुवारी घ्या, खालच्या दोन-तीन कळ्यांना रंग दिसला की पुरे. तो बादलीत उभाच ठेवा, आडवा पडला की शेंडे वर वळतात आणि दांडी पुन्हा सरळ होत नाही. निशिगंध आणि जरबेरा शनिवारी पहाटे दादरच्या बाजारातून आणा.

आणल्याबरोबर दांड्या पाण्याखाली तिरक्या कापा, पाण्यात बुडणारी पानं काढून टाका आणि किमान चार तास सावलीत ठेवा. जरबेऱ्याला पाच-सात सेंटिमीटरच पाणी द्या, जास्त पाण्यात त्याचा देठ कुजतो आणि मान टाकतो. वसईकरांनी एक जपावं: केळी पिकायला ठेवलेल्या खोलीत फुलं नकोत. पिकत्या केळ्यांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने फुलं लवकर कोमेजतात, कार्नेशन तर मिटूनच जातं.

वेदीसमोरच्या 90 सेंटिमीटर रुंद मांडणीला हिरव्या ओएसिसच्या (दांड्या खुपसायच्या, पाणी शोषणाऱ्या फोमच्या) दोन विटा, लिलीच्या 8 दांड्या, जरबेऱ्याचे 10-10 चे दोन बंच, निशिगंधाच्या 25 काड्या आणि अरेका पामची सहा पानं लागतात. ओएसिस पाण्यावर नुसता सोडा, आपोआप बुडू द्या. हाताने दाबला तर आत कोरडा राहतो आणि दुपारी माना पडू लागल्यावरच ते कळतं. आधी पामच्या पानांनी रुंदी ठरवा, मग लिली, शेवटी जरबेरा. त्याचा देठ मऊ असल्याने काडीने आधी भोक पाडा. एकदा खुपसलेली दांडी मागे ओढू नका, खाली पोकळी राहून पाणी तुटतं. हलवायचीच असेल तर नवं भोक करा.

मांडणी वेदीच्या पृष्ठभागापेक्षा खालीच ठेवा. फुलं वेदीभोवती शोभतात, वेदीवर दाटी करून नव्हे, आणि कप व भाकर लोकांना दिसायलाच हवी. धूप देताना धर्मगुरू वेदीला फेरी घालतात, तेवढी वाट मोकळी सोडा. ग्लॅडिओलस पास्काच्या (ईस्टरच्या मोठ्या) मेणबत्तीच्या दोन्ही बाजूंना उभा लावा, ज्योतीपासून हातभर दूर आणि खाली.

लिली उमलताच तिचे केशरी पुंकेसर चिमटीने खुडा. परागांचा डाग वेदीवस्त्रावर पडलाच तर पाणी लावू नका, त्याने तो पसरतो. चिकटपट्टीने उचलून घ्या.

पंखे मिस्सापुरतेच (उपासनाविधीपुरतेच) चालवा. पुढच्या रविवारपर्यंत रोज सकाळी ओएसिसवर हळूहळू पाणी ओता. ग्लॅडिओलसची खालची सुकलेली फुलं काढत गेलात तर वरच्या कळ्या उमलत राहतात. जरबेरा मात्र आठवड्याच्या मध्यावर बदलावाच लागेल.