वाचनाची वही आणि माझे वाया गेलेले सहा महिने

एम.ए. मराठीला आलात म्हणजे वाचनाची वही ठेवा, हे तुम्हाला कुणीतरी सांगितलंच असेल. पुस्तकाचं नाव, लेखक, साल, आपली प्रतिक्रिया. मी ती जूनपासून नेमाने ठेवली. डिसेंबरात उलटून पाहिली, तर प्रतिक्रियेच्या रकान्यात माझं म्हणावं असं जवळजवळ काहीच नव्हतं.

मी आधी प्रस्तावना वाचायचे, मग मलपृष्ठ, मग एखादा समीक्षालेख, वर यूट्यूबवरचा सारांश. मूळ पुस्तक सगळ्यात शेवटी. विश्राम बेडेकरांचं 'रणांगण' (1939), म्हणजे बोटीवर भेटलेल्या चक्रधर आणि हॅर्टाच्या प्रेमाची कादंबरी, वाचून लिहिलं होतं, 'युद्धाच्या सावलीतील प्रेमाची शोकांतिका'. ट्यूटोरियलला मॅडमनी तेवढंच वाचलं आणि विचारलं, "चक्रधरचा राग आला का गं तुला?" मला उत्तर देता येईना. राग आला होता की नाही, हेच आठवत नव्हतं. वही परत घेताना डोळे भरून आले होते.

हे नीट समजून घ्या, कारण दुसऱ्याचं मत चोरलंय असं तेव्हा अजिबात वाटत नाही. आपली पहिली प्रतिक्रिया ओबडधोबड असते: कंटाळा आला, हिचं पटलं नाही, इथं पोटात कालवलं. त्याआधी कानावर घडीव वाक्य पडलेलं असलं, की आपलं अर्धंमुर्धं वाक्य त्याखाली दबतं आणि ते घडीव वाक्यच आपल्याला सुचलं असं वाटू लागतं. एक कसोटी सांगते. तुमची नोंद दुसऱ्या पुस्तकाच्या नावाखाली चिकटवून बघा. 'समाजवास्तवाचे प्रभावी चित्रण' हे मी 'धग'खाली लिहिलं होतं आणि 'बलुतं'खालीसुद्धा! एक वऱ्हाडातल्या कौतिकच्या संसाराची कादंबरी, दुसरं दगडू मारुती पवारने दया पवारांना सांगितलेलं आत्मकथन. दोन्हीखाली एकच वाक्य बसत असेल, तर ते कुठल्याच पुस्तकाबद्दल नसतं.

जानेवारीपासून प्रस्तावनेच्या पानांना क्लिप लावली. पुस्तक संपलं त्याच रात्री लिहायचं, आणि जिथे थांबले त्या पानाचा आकडा टाकायचा. बस्स. समीक्षा त्यानंतर, पण ती वाचायचीच. आपलं मत कागदावर असलं की समीक्षकाशी भांडता येतं, कधी हरताही येतं, आणि शिकणं तिथेच होतं.

'धग' पुन्हा काढली. मी कोल्हापूरची, वऱ्हाडी बोली मला अडायची. अमरावतीच्या रूममेटने रात्री मेसच्या ओट्यावर बसून संवाद मोठ्याने वाचून दाखवले आणि कौतिक एकदम माणूस झाली. बोली अडली तर शब्दार्थ शोधत बसू नका, त्या मुलखातलं माणूस शोधा. 'माझा प्रवास'ला मी नुसतं '1857चा दस्तऐवज' म्हणून मोकळी झाले होते. नव्या नोंदीत आहे: 'दक्षिणेसाठी निघालेला वरसईचा भिक्षुक गोडसे भटजी, वाटेत लुटला जातो, तरी गंगेची कावड घरापर्यंत आणतो. आईवडिलांसाठी. रडले.' एवढीच नोंद. मॅडमनी त्याखाली बरोबरची खूण केली.

सारांशाचे व्हिडिओ परीक्षेच्या आदल्या रात्रीपुरते ठीक, वाचकाला ते मारक आहेत, हे माझं ठाम मत. आणि पन्नास पुस्तकांची यादी हातात देणाऱ्या मार्गदर्शकापेक्षा एका पुस्तकावर एक अवघड प्रश्न विचारणारा धरा.

वर्षभरात माझी एकोणीसच पुस्तकं झाली. तुमची बारा झाली तरी घाबरू नका, कुणीही मोजत नाही. नोंदी बाळबोध वाटतील, वाटू द्या. माझ्याही वाटतात.

मे महिन्यात 'रणांगण' परत वाचलं, क्लिप लावून. नोंद अशी आहे: 'हो मॅडम, राग आला. चक्रधर मुंबईला उतरतो आणि हॅर्टा बोटीवरच राहते, तिथे मी पुस्तक मिटून ठेवलं. तासाभराने उघडलं.'