रॅम वाढवली, पण प्रोसेसरला ती पुरी मिळते का?

लॅमिंग्टन रोडवरून रॅमची नवी स्टिक आणली, घरी बसवली, तरी पीसी तसाच रखडतो ही तक्रार मी सतत ऐकतो. त्यावर ‘अजून मोठी घ्या’ हा सल्ला मिळाला की माझं डोकं फिरतं. रॅम किती आहे यापेक्षा ती प्रोसेसरला कुठल्या वाटेने जोडली आहे, ते आधी बघा.

विंडोजमधल्या टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्समध्ये मेमरी उघडा, किती स्लॉट (रॅम बसवायच्या जागा) भरलेत ते कळेल. विंडोज ३२ बिटचं असेल तर ६४ बिटचं टाका, नाहीतर ४ जीबीच्या पुढची रॅम नुसती पडून राहील. डीडीआर३ आणि डीडीआर४ या रॅमच्या दोन पिढ्यांची खाच वेगळी असते, त्यामुळे तुमच्या मदरबोर्डाला चालणारीच घ्या.

आता स्लॉट. मलाही याच टप्प्यावर पूर्वी फार झगडावं लागलं. साध्या डेस्कटॉप प्रोसेसरला मेमरीचे दोन चॅनेल, म्हणजे रॅमकडे जाणाऱ्या दोन वाटा असतात, प्रत्येक ६४ बिट रुंद. डीडीआर४-३२०० ची (३२०० हा तिचा वेग) एक स्टिक सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी डेटा देते. दोन्ही चॅनेल भरले की ५१.२. म्हणून १६ जीबीची एकच स्टिक घेऊ नका, ८-८ च्या दोन घ्या. प्रोसेसरमधलंच ग्राफिक्स वापरत असाल तर फरक लगेच जाणवतो, कारण तेही याच रॅमवर जगतं.

आणि त्या दोन शेजारीशेजारी खुपसू नका! चार स्लॉट असतील तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरकडून मोजून दुसरा आणि चौथा भरायचा. तिथे ए२, बी२ असं छापलेलं असतं. पहिला-दुसरा भरलात तर दोन्ही स्टिक एकाच चॅनेलवर जातात. पीसी चालू होतो, १६ जीबी दिसतात, म्हणून कुणाला संशयही येत नाही. बोर्डाचं मॅन्युअल उघडून खात्री कराच.

बसवताना प्लग काढा. दोन्ही टोकं खट्‌कन बसेपर्यंत दाबा. काही बोर्डांना एकाच बाजूला क्लिप असते, तिथे दुसरं टोक हमखास अर्धवट राहतं. मुंबईच्या दमट हवेत जुन्या स्टिकच्या सोनेरी पट्ट्या काळवंडल्या असतील तर मऊ खोडरबर हलकेच फिरवा, चुरा नीट झटका.

१६ पैकी ८ च वापरता येतात असं दिसलं, तर विंडोजच्या एमएसकॉन्फिग या सेटिंगमधल्या ‘मॅक्झिमम मेमरी’ला हात लावायचा सल्ला सर्रास देतात. ती सोय मर्यादा घालायला आहे, वाढवायला नाही. तिथे टिक असेल तर काढा, नसेल तर करू नका. स्टिक काढून पुन्हा बसवा. ग्राफिक्ससाठी थोडी रॅम राखीव दिसणं मात्र नेहमीचंच.

बायोसमध्ये (पीसी सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम तिच्या छापील वेगाने चालवायची सोय, चालू करा, नाहीतर ३२०० ची रॅम २१३३ किंवा २४०० वर चालत राहील. शेवटी सीपीयू-झेड या तपासणीच्या प्रोग्रॅममध्ये चॅनेल तपासा. तिथे फ्रिक्वेन्सी १६०० दिसली तर दुकानात भांडायला जाऊ नका: डीडीआर एका ठोक्यात दोनदा डेटा पाठवते, म्हणजे तुमची ३२०० पुरी चालू आहे.